हॅमला सोडे समजा

नाताळचं जेवण आटोपलं की भाईंदर-उत्तनच्या ख्रिस्ती घरांत फ्रिजमधल्या भांड्यांचं काय होणार, हे ठरलेलं असतं. सोरपोतेल मुरेल तसं चढत जातं, त्यामुळे ते २७ तारखेपर्यंत टिकलं तर नवल. इंदियालचंही तेच. कुलकुल, नेवऱ्या आणि केक ताटांतून शेजारी जातात. मजल्यावर जैन, गुजराती, मुसलमान, मालवणी अशी सगळी बिऱ्हाडं असतात. केकात अंडं आहे का एवढी चौकशी होते आणि ताट आत जातं. मागे उरतं ते हॅम. ते शेजारी पाठवायची सोय नाही. घरातल्या मंडळींनी दोन दिवस पावात घालून खाल्लेलं असतं आणि तिसऱ्या दिवशी त्या गुलाबी चकत्यांकडे कुणी बघत नाही.

नेमक्या याच आठवड्यात घर अंगावर आलेलं असतं. माळ्यावरून काढलेली मोठी पातेली ओट्याखाली तशीच पडलेली. पाहुण्यांच्या चादरी मशीनमध्ये एकदा फिरल्या, पण दोरीवर जागा नाही म्हणून बादलीत. तीन राजांचा सण ६ जानेवारीला, तोवर गोठा हलवायचा नाही, म्हणून त्याच्याभोवतीचा केरही हललेला नाही. कामवाल्या मावशी सुट्टीवर. पाणी यायची वेळ झाली की हातातलं टाकून पिंप भरायला धावायचं. अशा वेळी ‘उरलेल्या हॅमचं काय करू’ हा प्रश्न पाककलेचा कमी आणि वेळेचा जास्त असतो.

अडचण सुरू होते ती हॅमला मटण समजण्यापासून. दोनशे ग्रॅम मटणात चौघांचं जेवण होत नाही, तसं दोनशे ग्रॅम हॅममध्येही होणार नाही. मग आणखी चिकन आणा, आणखी मसाला वाटा, म्हणजे काटकसर राहिली बाजूला. आपल्या किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरात यावर फार जुना तोडगा आहे, फक्त तो माशासाठी वापरला जातो. मूठभर जवळा पडला की पातेलंभर दुधी संपतो. दहा-बारा सोडे वांग्यात पडले की कुणी ‘आज मासे नाहीत का’ असं विचारत नाही. सीकेपी घरांतली सोड्यांची खिचडी तर अख्खी त्या मूठभर सुक्या कोळंबीच्या जिवावर उभी असते. सुकी मासळी ताटातला मुख्य पदार्थ असतेच असं नाही. पुष्कळदा ती मीठ, मसाला आणि चव या तिन्हींच्या जागी असते. उरलेल्या हॅमलाही तीच जागा द्यायची.

तुलना वरवरची नाही. उत्तन, पाली, चौक या भागात पावसाळा सरला की बोंबील बांबूच्या वलांडीवर जोडीजोडीने लटकतात, जवळा अंगणात पसरला जातो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो, तेव्हाची बेगमी ही अशी होते. मीठही इथलंच होतं. मीरा-भाईंदर-घोडबंदरच्या खाडीकाठी मिठागरं होती आणि आगरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ती राबवली. आज त्यातली बरीच ओस पडली आहेत किंवा इमारतींच्या जाहिरातीत ‘खाडीचं दृश्य’ म्हणून दिसतात. मिठाने मासळी टिकते त्याच कारणाने डुकराची मांडी टिकते: मीठ पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि सडवणाऱ्या जिवाणूंना लागणारं पाणी उरत नाही. हॅममध्ये मिठाच्या जोडीला सोडियम नायट्राइट असतं. बोटुलिझमचे जिवाणू त्याने दबतात आणि शिजल्यावरही मांस गुलाबी राहतं, तेही त्यामुळेच. नायट्राइट नसतं तर उकडलेली मांडी उकडलेल्या पोर्कसारखी राखाडी दिसली असती.

फरक एकच, पण तो जिवावरचा आहे. सोडे कडकडीत वाळलेले असतात. आपल्या कोल्ड स्टोरेजमध्ये मिळणारं हॅम ओलं असतं: मिठाचं पाणी सुयांनी मांसात भरून मग ते उकडलेलं. इटली-स्पेनमधल्या महिनोन्‌महिने टांगून वाळवलेल्या हॅमचे गुण त्याला लावू नयेत. पाकीट उघडलं की फ्रिजमध्ये ३ ते ५ दिवस, त्यापुढे नाही. २४ तारखेला उघडलेलं पाकीट ३१ च्या रात्री सँडविचमध्ये भरायला काढणं म्हणजे नव्या वर्षाची सुरुवात दवाखान्यात करणं. तेवढं संपणार नाही असं वाटलं तर दुसऱ्याच दिवशी लहान लहान पुड्या करून फ्रीझरमध्ये टाकाव्यात, एका वेळी लागेल तेवढीच एक पुडी. तिथेही महिना-दोन महिने पुष्कळ झाले. मिठामुळे चरबी गोठलेल्या अवस्थेतही हळूहळू खवट होत राहते.

खराब झालं की नाही, हे ओळखताना एक गोष्ट हमखास फसवते. चकती उजेडात तिरकी धरली की तिच्यावर हिरवट-जांभळी चमक दिसते, रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखी. ती पाहून पुष्कळ जण चांगलं हॅम फेकून देतात. मांसाचे तंतू आडवे कापले गेले की त्या पृष्ठभागावर प्रकाश फुटतो, एवढंच ते आहे. घाबरायचं ते बोटाला बुळबुळीत लागलं, पाकिटात दुधाळ पाणी साठलं किंवा आंबूस वास आला तर. मग चव घेऊन बघायच्या फंदातही पडू नये. घरात गरोदर सून किंवा सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा असतील तर फ्रिजमधलं थंड हॅम त्यांना तसंच देऊ नये, वाफ येईपर्यंत गरम करावं. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या गारव्यातही वाढतो आणि त्रास देतो तो याच लोकांना.

आता मिठाचा हिशेब, कारण स्वयंपाक तिथेच फसतो. साधारण हॅममध्ये १०० ग्रॅमला अडीच-तीन ग्रॅम मीठ असतं. म्हणजे दीडशे ग्रॅम हॅम चौघांच्या पातेल्यात घातलं तर त्यातून चार ग्रॅमच्या आसपास मीठ आलंच, चहाच्या सपाट चमच्यापेक्षा थोडं कमी. म्हणून वरचं मीठ शेवटी, चव बघून. सुकटीच्या कालवणात कुणी आधी मीठ घालत नाही, तोच नियम. फारच खारट निघालं तर तुकडे दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवून ते पाणी ओतून द्यावं.

दीडशे ग्रॅमला आणखी एक अर्थ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये हॅम, सॉसेज, बेकन अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता साधारण १८ टक्क्यांनी वाढते, असा तो निष्कर्ष होता. पहिला गट म्हटल्यावर हॅम आणि सिगारेट सारखेच घातक, अशा बातम्या तेव्हा फिरल्या. त्या चुकीच्या होत्या. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार नाही. तरी रोज खायची ही वस्तू नव्हे, हे खरंच. सोड्यांच्या मापाने वापरलं तर माणशी पस्तीस-चाळीस ग्रॅम पडतं आणि तेही वर्षातून काही दिवस.

मला या आठवड्यात सगळ्यात उपयोगी वाटते ती हॅमची चवळी. गोव्यात चोरिसो घालून राजम्याची फेजोआद करतात, तिची ही गरीब चुलत बहीण. वालाचं बिरडं यात अप्रतिम लागतं. पण भिजवा, मोड आणा, मग बसून एकेक दाणा सोला, हे काम आधीच शंभर कामं पडलेल्या घरात कुणी सुचवू नये. चवळी सोलावी लागत नाही. सकाळी पाणी भरताना भिजत घातली तर दुपारपर्यंत फुगते. हॅमच्या काड्या कराव्यात, आगपेटीतल्या काडीपेक्षा थोड्या जाड. कुकरमध्ये चमचाभर तेलावर त्या टाकल्या की आधी नुसती चरचर आणि फेस येतो. मांसात भरलेलं खारं पाणी सुटत असतं. इथे घाई करून कांदा टाकला तर तो परतायच्या ऐवजी उकडतो. आवाज बदलेपर्यंत थांबायचं. चरचर बारीक होते, काड्यांच्या कडा वळतात आणि तपकिरी होतात, तळाला लालसर थर धरतो. आता कांदा, लसूण, आणि कांद्याच्या पाण्यात तो थर सुटून आला की चमचाभर बॉटल मसाला.

बॉटल मसाल्याबद्दल दोन शब्द. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत तो पावसाळ्याआधी उन्हात वाळवून, भाजून, कुटून होतो आणि उजेड लागू नये म्हणून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरला जातो. मिरची-धण्यांबरोबर त्यात तीळ, खसखस, गहू, चण्याची डाळ असं बरंच काही असतं. म्हणूनच नारळाचं वाटण न घालताही रश्श्याला अंग येतं, आणि वाटण वाचलं म्हणजे मिक्सरचं भांडं धुणं वाचलं. नसेल तर मालवणी मसाला चालतो, आगरी मसालाही चालतो. गरम मसाला नको, त्याने हॅमची गोडसर चव मरते.

चवळी आणि पाणी घालून कुकर लावला की तीन-चार शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी कुणाची गरज नाही. व्हिनेगर किंवा चिंच मात्र कुकर उघडल्यावरच. आंबट आधी पडलं तर कडधान्य तासभर शिजवूनही दाताखाली कचकचतं. आम्लामुळे दाण्याची सालं लवकर सैल होत नाहीत. मिठाला उगाच बदनाम केलं जातं, तसा दोष त्याचा नसतो. शेवटी एक बटाटा कुस्करून घातला तर रस्सा दाटही होतो आणि खारटपणाही पसरून कमी लागतो.

अडल्या घरात पदार्थ निवडायची कसोटीही यात आली. पैसे किती लागतील हे आपण लगेच मोजतो. पदार्थ आपलं लक्ष किती मागतो हे मोजत नाही. तळणीचा पदार्थ स्वस्त असला तरी अर्धा तास माणसाला जखडून ठेवतो, आणि मध्येच इस्त्रीवाला आला की घाणा जळतो. चवळी, खिचडी, डाळ यांना दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर राग येत नाही. चादरी वाळत घालून या, गॅस बंद करून ठेवा, तासाने उघडा.

खिचडी तर सोड्यांच्या खिचडीच्याच मार्गाने. तांदळाच्या जोडीला घरात असेल ती भाजी, मटार आणि फ्लॉवर या दिवसांत स्वस्त असतात. काड्या वर सांगितल्याप्रमाणे परतून घ्यायच्या. तूप वरून, कोथिंबीर भरपूर. फोडणीच्या भातातही हॅम छान बसतं, पण तो भात कालचा कसा ठेवला होता हे आधी विचारावं. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढून विष सोडतात आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. जेवण झालं की भात परातीत पसरून निववावा आणि तास-दोन तासांत फ्रिजमध्ये जावा. ‘थंडीचे दिवस आहेत, काही होत नाही’ हे वाक्य मुंबईच्या थंडीसाठी नाही. डिसेंबरातही आपल्या स्वयंपाकघरात पंखा लागतो.

ज्यांना तळणाचा मोह आवरत नाही त्यांच्यासाठी पोटॅटो चॉप्स आहेत. खिम्याच्या जागी हॅमचा बारीक चुरा, त्यात मिरची, पुदिना, लिंबू. वरून उकडलेल्या बटाट्याचं आवरण आणि शिळ्या पावाचा चुरा. चव उत्तम, शिळा पावही खपतो. फक्त ते रविवारी करावेत, घरात सोलायला दोन आणि तळायला एक असे हात असतील तेव्हा. एकटीने, बादलीतल्या चादरी डोळ्यांसमोर असताना हा घाट घालू नये.

कडेच्या चरबीच्या पट्ट्या आणि तुटके तुकडे पुष्कळ जण आधीच कापून कचऱ्यात टाकतात. ते एका डबीत जमवून फ्रीझरमध्ये ठेवावेत. कोबी किंवा फरसबीची भाजी करताना तेलाऐवजी त्यातले चार तुकडे आधी कढईत टाकले की फोडणी, मीठ आणि चव तिन्ही गोष्टी एकदमच होतात. पाकिटातलं पाणी मात्र वापरू नये, ते निव्वळ खारट असतं. आणि शिजवलेला पदार्थ उरलाच तर तीन दिवसांत संपवावा, एकदाच गरम करावा, तोही लागेल तेवढाच बाजूला काढून.