मुलींचा व्यवसाय कोणी ठरवावा?

भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्य ठाणे असून तेथे विद्युत इंजिनांची शेड आहे. तथापि, इंजिन चालविणे हे पुरुषांचेच काम, अशी समजूत जळगाव व धुळे जिल्ह्यांतील अनेक घरांत अद्याप आढळते. ती निराधार असल्याचे सातारा जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या कन्येने, श्रीमती सुरेखा यादव यांनी सिद्ध केले आहे. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन त्या १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या. १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईस ‘वंदे भारत’ गाडी चालवीत आणली. २०२५ मध्ये त्या सेवानिवृत्त झाल्या.

सहायक चालकाच्या पदासाठी दहावीनंतर वीजतंत्री, जोडारी यांसारख्या ठरावीक व्यवसायाचे आयटीआय प्रमाणपत्र किंवा अभियांत्रिकीची पदविका लागते. शिवणकामाचे प्रमाणपत्र तेथे चालत नाही. म्हणजेच सोळाव्या वर्षी मुलगी कोणता व्यवसाय निवडते, यावर पुढची दारे उघडणार की मिटणार, हे ठरते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. परंतु अर्जच आला नाही, तर त्या राखीव जागांचा उपयोग काय?

यास्तव मुख्याध्यापकांनी दहावीच्या निकालापूर्वीच पालकांना, विशेषतः मातांना, शाळेत बोलावून ही माहिती द्यावी. ग्रामपंचायत सदस्यांनी एस.टी.च्या वेळा संस्थेच्या वेळांशी जुळतात काय, याची आगाराकडे चौकशी करावी. पुष्कळदा मुलीचे शिक्षण इच्छेअभावी नव्हे, तर सायंकाळच्या गाडीअभावी थांबते.