वर्गातील शिस्त आणि घरची बोली

माध्यमिक शाळेत वर्गाची शांतता हीच शिस्तीची खूण मानली जाते. परंतु लक्षपूर्वक ऐकणाऱ्या वर्गाची शांतता निराळी आणि बोलण्यास कचरणाऱ्या वर्गाची निराळी. रत्नागिरी जिल्ह्यात हा भेद भाषेच्या अंगाने तपासणे अगत्याचे आहे.

येथील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी संगमेश्वरी, बाणकोटी, दालदी यांसारख्या बोली चालतात. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) त्यांची नोंद आहे. कोकणातील कित्येक बोलींत 'ण'च्या जागी 'न' येतो. हा त्या बोलींचा नियम होय; बोलणाराचा निष्काळजीपणा नव्हे. बाष्पीभवनाविषयीच्या प्रश्नाला एखादी मुलगी 'पानी' म्हणून अचूक उत्तर देते. शिक्षकाने उच्चारावरच बोट ठेवले की वर्ग हसतो. पुढच्या खेपेस ती हात वर करीत नाही, आणि शिक्षकास मात्र वर्ग शिस्तीत आल्यासारखा वाटतो.

यास्तव प्रथम उत्तराचा आशय स्वीकारावा. मग तेच वाक्य शिक्षकाने प्रमाण मराठीत सहज उच्चारावे. व्याकरणाच्या तासाला 'पानी' व 'पाणी' ही रूपे फळ्यावर शेजारी मांडून त्यांतील नियम विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावा. लेखनासाठी आवश्यक असलेली प्रमाणभाषा अशाने पक्की होते, आणि उपहासास विषय उरत नाही.

आठवीपर्यंतच्या मुलांसाठी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे. नववी-दहावीच्या वर्गांनीही तेच तत्त्व पाळावयास हवे. निर्भयपणे बोलणारा वर्ग आवरणे अवघड असेल. शिकतो मात्र तोच.