डीएससी लावलाय, तरी ‘सर्व्हरशी कनेक्शन होत नाही’? आधी हे तपासा

२० तारखेची संध्याकाळ. जीएसटीआर-३बी भरून झालाय, फक्त सही राहिलीय. डीएससीचा टोकन लावला, बटण दाबलं आणि स्क्रीनवर आलं: सर्व्हरशी कनेक्शन होत नाही, ईएमसायनर रीस्टार्ट करा. आपण म्हणतो, “साइट डाऊन आहे, उद्या बघू.” उद्यापासून दिवसाला ५० रुपये लेट फी, टॅक्स बाकी असेल तर १८ टक्के व्याज वेगळं.

गंमत म्हणजे हा ‘सर्व्हर’ दिल्लीत नसतो, तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये असतो!

समजून घ्या. सहीची गुप्त चावी टोकनच्या आत असते आणि ती बाहेर येत नाही. ब्राउझरला ती थेट वापरता येत नाही, म्हणून मध्ये ईएमसायनर नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो. ब्राउझर त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलतो. हा पत्ता म्हणजे तुमचंच मशीन. वरचा मेसेज आला की समजायचं, हे बोलणं तुटलंय.

घड्याळाजवळच्या आयकॉनमध्ये ईएमसायनर दिसतोय का बघा. नसेल तर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालू करा. मग ब्राउझरमध्ये एचटीटीपीएससकट १२७.०.०.१:१५८५ हा पत्ता टाका. ‘कनेक्शन प्रायव्हेट नाही’ असा इशारा आला तर घाबरू नका. ईएमसायनरचं सर्टिफिकेट स्वतःच बनवलेलं असतं, ब्राउझर त्याला ओळखत नाही. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन पुढे जा, नंतर पोर्टलवर परत लॉगिन करा. बऱ्याच जणांचं काम इथंच होतं. पण हा इशारा ओलांडायचा तो फक्त याच पत्त्यासाठी. बँकेच्या किंवा पोर्टलच्या पानावर तसाच इशारा आला तर तिथून मागे फिरा.

तारीखही बघा. जुन्या डेस्कटॉपची आतली बॅटरी गेली की लाइट गेल्यावर तारीख मागं जाते आणि सगळी सर्टिफिकेटं ‘चुकीची’ ठरतात. अँटिव्हायरस अडवत असेल, किंवा दुसऱ्या पोर्टलचा ईएमसायनर चालू असेल, तरी गडबड होते. तो बंद करून बघा.

सर्टिफिकेटांची यादी दिसतेय पण सही होत नाही, असं असेल तर अडचण वेगळी आहे. डीएससी रिन्यू केला की नवा डीएससी ‘माय प्रोफाइल’मधून परत रजिस्टर करावा लागतो. हे फार जण विसरतात. तो ज्याच्या पॅनवर आहे, तोच पोर्टलवर अधिकृत सही करणारा हवा. संचालक बदललेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हे आधी बघावं.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. पिन सारखा चुकला की टोकन लॉक होतो. मग कुणीतरी सांगतं, “फॉरमॅट मारा.” अजिबात मारू नका! चावी पुसली जाते, तिची कॉपी देणाऱ्या कंपनीकडेही नसते. नवा डीएससी, नवे पैसे, परत व्हिडिओ व्हेरिफिकेशन. आधी डीएससी देणाऱ्यालाच फोन करा.

आणि टोकनवर पिनची चिठ्ठी चिकटवून तो अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये ठेवणं बंद करा. आयटी कायदा २००० चं कलम ४२ चावीची काळजी सर्टिफिकेट ज्याच्या नावावर आहे त्याच्यावरच टाकतं. चावी दुसऱ्याच्या हाती गेल्याचं कळलं तर डीएससी देणाऱ्याला लगेच कळवायचं, हेही त्यातच आहे.

तुम्ही एकटे मालक असाल, भूमला खव्याचा धंदा असेल किंवा धाराशिवात दुकान, तर रिटर्नसाठी मोबाईलवरच्या ओटीपीची ईव्हीसी सही चालते. कंपनी आणि एलएलपीला मात्र डीएससीच लागतो. त्यांनी ११ तारखेच्या जीएसटीआर-१ लाच टोकन लावून बघावा, म्हणजे काही बिघडलं असेल तर २० पर्यंत हातात ९ दिवस राहतात.