मोतीबिंदू पिकण्याची प्रतीक्षा

शार्ङ्गधर संहितेत आयुष्याच्या प्रत्येक दशकात एकेका भावाचा ऱ्हास सांगितला आहे. त्यात दृष्टीची पाळी सहाव्या दशकात येते. व्यवहारात मात्र तक्रार आधीच सुरू होते. डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी झाल्याने जवळचे अक्षर अस्पष्ट होते. मराठीने त्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हटले, यात लोकांचे निरीक्षण किती अचूक आहे हे दिसते. या अवस्थेवर चष्मा हाच उपाय आहे. त्रिफलाघृताने तो सुटेल, असे आश्वासन वैद्याने देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे एका फसव्या लक्षणाकडे लक्ष वेधावेसे वाटते. पासष्टीच्या सुमाराचा रुग्ण आनंदाने सांगतो, "वैद्यबुवा, तुमच्या तुपाने चाळिशी सुटली, आता पोथी चष्म्याविना दिसते." वैद्यालाही बरे वाटते. परंतु भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की डोळ्यास लघुदृष्टी येते. जवळचे सुधारते आणि दूरचे बिघडते. ही बहुधा मोतीबिंदूचीच सुरुवात असते. अशा रुग्णास दूरचे वाचावयास लावावे.

मोतीबिंदू 'पिकल्यावरच' काढावा, ही समजूत पाटोदा परिसरात आजही खोलवर रुजलेली आहे. तिला शास्त्राधार नाही असे म्हणता येणार नाही. सुश्रुताने उत्तरतंत्राच्या सतराव्या अध्यायात कफज लिंगनाशाचा शस्त्रोपचार वर्णिला, आणि वाग्भटाने तो लिंगनाश पूर्ण परिपक्व झाल्यावरच वेध करावा असे सांगितले. त्या विधीत अपारदर्शक भिंग शलाकेने दृष्टिमार्गातून बाजूला सारावयाचे असे. त्यासाठी ते घट्ट असणे इष्ट होते. सन १९४९ मध्ये लंडन येथे हॅरोल्ड रिडले यांनी कृत्रिम भिंग प्रथम बसविले. आज लहान छेदातून मोतीबिंदू काढून तेथे असे भिंग बसवितात. त्यासाठी पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. उलट अतिपक्व मोतीबिंदूतील द्रव्य पाझरून डोळ्याचा दाब वाढतो, तीव्र वेदना होतात आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. वाग्भटाचे वचन त्याच्या शस्त्रक्रियेसाठी योग्यच होते. ते आजच्या शस्त्रक्रियेस लावणे योग्य नव्हे.

दुसरी समजूत हिवाळ्याची. "थंडीत करू, पावसाळ्यात डोळा चिघळतो," असे म्हणतात. निर्जंतुक शस्त्रक्रियागृहास ऋतूचे बंधन नाही. शिवाय आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि वाड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसे व नातवंडेच उरतात. मग रुग्णास बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेणार कोण, आणि नंतर काही आठवडे डोळ्यात थेंब घालणार कोण? असे हिवाळ्यामागून हिवाळे जातात. जे वृद्ध स्वतः कोयता घेऊन फडात जातात, त्यांना तर पहाटेच्या अंधुक प्रकाशात काम करावे लागते. म्हणून मृगाची पेरणी आटोपताच, आषाढ-श्रावणात शस्त्रक्रिया उरकावी, असा आग्रह वैद्यांनी धरावा.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. लाल डोळ्यासाठी स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीवाचून देऊ नयेत. त्यांच्या दीर्घ वापराने मोतीबिंदू होतो, तसाच काचबिंदूही. काचबिंदूत बाजूची दृष्टी बहुधा वेदनेवाचून हरपते आणि गेलेली परत येत नाही. चाळिशीनंतर दाबाची तपासणी सुचवावी. मधुमेही रुग्णाचे दृष्टिपटलही वर्षातून एकदा तपासून घेण्यास सांगावे.

चिकित्सालयात यासाठी मोठे साहित्य लागत नाही. सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता टांगावा. निरक्षरांसाठी तीन दांड्यांच्या चिन्हाचा तक्ता मिळतो. मात्र एकेक डोळा तळहाताने झाकून तपासावा. दोन्ही डोळे उघडे असताना "सगळं दिसतंय" म्हणणाऱ्या रुग्णास, उजवा झाकल्यावरच डाव्याने काहीच दिसत नसल्याचे प्रथम कळते.