जोसेफिन कुणी घडवली?

शिकागोचं रेल्वे स्टेशन, साल 1929. फलाटावरून उंच टाचांच्या बुटांतले चार पाय लटपटत चाललेत. हे पाय जो आणि जेरी या दोन फटिंग वादकांचे. एक सॅक्सोफोनवाला, दुसरा बासवाला. गुंडांनी केलेलं हत्याकांड नको त्या वेळी त्यांच्या नजरेला पडलं आणि आता जीव वाचवायला ते जोसेफिन आणि डॅफ्नी होऊन बायकांच्या वाद्यवृंदात शिरलेत. बिली वाइल्डरचा 'सम लाइक इट हॉट' 1959 साली आला. टोनी कर्टिस, जॅक लेमन आणि मेरिलिन मन्रो ही तीन नावं सगळ्यांनाच माहीत आहेत. पण टोनी कर्टिसची जोसेफिन एकट्या कर्टिसने उभी केलेली नाही. तिचे कपडे एकाचे, चेहरा दुसऱ्याचा, चाल तिसऱ्याची, तिच्यावरचा उजेड चौथ्याचा. आवाज तर भलत्याचाच, पण ते शेवटी.

मूळ कल्पनाही उसनी. 'फॅनफार द'अमूर' हा 1935 चा फ्रेंच चित्रपट, 1951 साली तोच पुन्हा जर्मनीत निघाला. वाइल्डर आणि त्याचा सहलेखक आय. ए. एल. डायमंड यांनी त्यातलं घेतलं फारच थोडं: कडके वादक आणि बायकांचा बँड. मूळ कथेत एक उणीव होती. कंटाळा आला की लुगडं फेडून मोकळं व्हायला या पुरुषांना कुणाची आडकाठी नव्हती. विनोद टिकवायचा तर वेश उतरवणं म्हणजे मरण, असं काहीतरी हवं होतं. शिकागोत 14 फेब्रुवारी 1929 रोजी, व्हॅलेंटाइनच्या दिवशी, खरोखरच टोळीयुद्धात सात माणसं मारली गेली होती. लेखकांनी नायकांना त्या प्रसंगाचे साक्षीदार केलं. काळ मागे नेण्यात डायमंडचा आणखी एक हिशेब होता. जुन्या फॅशनच्या कपड्यांत सगळेच विचित्र दिसतात, मग दोन पुरुष वेगळे खटकत नाहीत.

कपडे ऑरी-केलीचे. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तयार कपडे अंगावर नीट बसेनात, तेव्हा दोन्ही नटांनी हट्टच धरला की मन्रोचे कपडे जो बेततो त्यानेच आमचेही बेतावेत. हट्ट योग्य होता. जोसेफिनची उंच कॉलर आणि लांब बाह्या पाहा. पुरुषाचा गळा आणि दंड झाकण्याचं काम त्या इतक्या सभ्यपणे करतात की ती एकदम खानदानी वाटू लागते.

चालीची गोष्ट मराठी वाचकाला अधिक जवळची. वाइल्डरने त्यासाठी बार्बेटला बोलावलं. बार्बेट म्हणजे टेक्सासचा व्हँडर क्लाइड. 1920 च्या दशकात पॅरिसमध्ये बाईच्या वेशात झुल्यावरच्या कसरती करून शेवटी टोप काढणारा कलावंत. झाँ कॉक्तोने त्याच्यावर निबंध लिहिला, मॅन रेने त्याची छायाचित्रं काढली. नारायणराव राजहंस इकडे बालगंधर्व म्हणून शालू नेसून रंगमंचावर येत होते, त्याच काळात हा तिकडे पिसांच्या पोशाखात तारेवर चालत होता. फरक एवढाच की बालगंधर्वांनी टोप काढून दाखवण्याची गरज नव्हती. त्यांनी रंगवलेली भामिनी ही भामिनीच, हे प्रेक्षकांनी मानूनच घेतलेलं होतं. आपल्या स्त्रीपार्टी नटांना चाल घोटून घ्यावी लागे, तशीच ती बार्बेटने या दोघांकडून घोटून घ्यायला सुरुवात केली. पाय एकमेकांसमोर कसे टाकायचे, हात कसे ठेवायचे. कर्टिस मन लावून शिकला. लेमनने मात्र थोड्याच दिवसांत शिकवणी सोडली. त्याला बाईसारखं छान चालायचंच नव्हतं, बाईसारखं चालू पाहणाऱ्या पुरुषासारखं चालायचं होतं. म्हणून जोसेफिन डौलदार आणि डॅफ्नी धांदरट. माझ्या मते अर्धा चित्रपट या फरकावर तोलून धरलेला आहे.

चेहरे रंगवले एमिल लाव्हिन्यने. रंगभूषेची चाचणी म्हणून दोघं स्टुडिओतल्या बायकांच्या प्रसाधनगृहात जाऊन बसले आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, ही हकिकत दोघांनीही आयुष्यभर रंगवून सांगितली. कॅमेरा त्या बायकांइतका उदार नव्हता. मन्रोच्या करारात चित्रपट रंगीत असावा अशी अट होती. पण रंगीत चाचणीत जाड रंगलेपाखालच्या दाढीमुळे दोघांचे चेहरे हिरवट दिसू लागले. वाइल्डरने तिला ते दाखवलं आणि ती कृष्णधवलला तयार झाली. पुढचं काम चार्ल्स लँगचं. वाइल्डरबरोबर 'सॅब्रिना'ही चित्रित केलेला हा मुरलेला छायालेखक. त्याच्या करड्या छटांत दाढीची सावली गालावरची सावली होऊन जाते.

आणि या खोट्या बाईसमोर उभी असलेली खरी बाई? मन्रोच्या उशिरा येण्याचे आणि वाक्य विसरण्याचे किस्से अमाप आहेत. दारावर टकटक करून तीन शब्द बोलायला तिने चाळीसहून अधिक टेक घेतले म्हणतात. आकडा सांगणाऱ्यागणिक वाढतो. तो सांगणारे दुसरी गोष्ट मात्र क्वचितच सांगतात. सॅन दिएगोजवळच्या 'हॉटेल देल कोरोनाडो'च्या वाळूवर, जिथे कॅलिफोर्नियाचंच फ्लोरिडा केलं होतं, तिथला लांबलचक संवादाचा प्रसंग तिने दोन-तीन टेकमध्ये उरकला. वाइल्डरने नटांना बजावलं होतं, की प्रत्येक टेकमध्ये चोख राहा, कारण ती जिथे चांगली करेल तोच टेक मी घेणार. म्हणजे जोसेफिनला टाचांच्या बुटांत तासन्‌तास ताजं राहावं लागे.

डॅफ्नीच्या साखरपुड्याच्या प्रसंगात वाइल्डरने लेमनच्या हाती खुळखुळे दिले, तेही अशाच व्यवहारी हिशेबाने. प्रत्येक वाक्यानंतर लेमन खुळखुळे वाजवत नाचतो. तेवढ्यात प्रेक्षागृहातला हशा ओसरतो आणि पुढचं वाक्य ऐकू येतं. विनोदाला श्वास घ्यायला जागा अशी बेतून ठेवावी लागते, हे आपल्याकडच्या कुठल्याही मुरलेल्या नाटकवाल्याला सांगायला नको.

आपल्याकडे 'रफू चक्कर' (1975) हे या चित्रपटाचंच हिंदी रूप. 'अशी ही बनवाबनवी'चं नावही लोक इथे हमखास घेतात, पण तिची वंशावळ निराळी, 'बीवी और मकान'मधून आलेली.

'सम लाइक इट हॉट'ला ऑस्करची सहा नामांकनं मिळाली. लेमनला, वाइल्डरला, लँगलाही. ते वर्ष 'बेन-हर'चं, 11 पुरस्कार त्यानेच नेले. 'सम लाइक इट हॉट'च्या वाट्याला एकच आला, कृष्णधवल चित्रपटाच्या वेशभूषेचा, ऑरी-केलीला.

आता आवाज. कर्टिसला उंच पट्टीतला बायकी आवाज टिकवता येईना, म्हणून जोसेफिनचे बरेचसे संवाद पॉल फ्रीज या आवाजाच्या कलावंताने बोलले. श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. पुढे जो मन्रोच्या शुगरला भुलवायला कोट्यधीश बनतो, तेव्हा कर्टिस सरळ केरी ग्रँटच्या आवाजात बोलतो. एका नटाची तीन रूपं, आणि त्यातल्या फक्त जोलाच त्याचा स्वतःचा आवाज आहे.