वेगळ्या विदर्भाचे पक्ष का टिकले नाहीत?

आमचे जऊळका हे वाशीम जिल्ह्यातले, अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे छोटेसे गाव. पूर्वी इथून मीटरगेजची गाडी धरून अकोल्याला उतरायचे आणि तिथे ठरवायचे, नागपूरची गाडी की मुंबईची? २००८ मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाला, तरी आमच्या मनातला तो फलाट तसाच आहे. वेगळ्या विदर्भाचा प्रश्न मला नेहमी त्याच फलाटावरून दिसतो.

१९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. १९५५ मध्ये फजल अली आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करण्याची शिफारस केली. पण १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्याआधी, १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला विकासखर्च, नोकऱ्या व शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे वचन दिले होते. नागपूरचे हिवाळी अधिवेशन ही त्याच कराराची खूण. अधिवेशन भरत राहिले, वाटा मात्र तसा मिळाला नाही, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

या तक्रारीला पहिले मोठे नेतृत्व दिले ते वणीच्या लोकनायक बापूजी अणे यांनी. नागविदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर ते १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. १९६८ मध्ये ते गेले, आणि धुरा आली यवतमाळच्या जांबुवंतराव धोटे यांच्याकडे. विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावणारे हे आमदार लोकांनी 'विदर्भाचा सिंह' म्हणून डोक्यावर घेतले. १९७१ मध्ये देशभर इंदिरा गांधींची लाट असताना नागपूरने धोटे यांना फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर निवडून दिले. चळवळीचा हा कळस होता.

उतरण लगेचच आली. १९८० मध्ये हेच धोटे इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर नागपुरातून निवडून आले. सिंह गेला तिकडे कळप गेला. मागे संघटना उरली नाही.

२००० मध्ये छत्तीसगड, उत्तराखंड व झारखंड ही राज्ये झाली आणि आशा पुन्हा पालवली. २००२ मध्ये धोटे यांनी विदर्भ जनता काँग्रेस काढली. बनवारीलाल पुरोहित यांनीही विदर्भ राज्य पक्ष काढला, पण २००४ ची निवडणूक ते हरले. महाधिवक्तापद सोडणारे श्रीहरी अणे, म्हणजे बापूजींचे नातू, यांनीही २०१६ मध्ये आघाडी उभारली. तीही रुजली नाही.

असे का झाले? मला तीन कारणे दिसतात. पहिले, पक्ष नेत्याभोवती उभे राहिले, गावागावांत शाखांवर नाही. दुसरे, मागणी मोठ्या पक्षांनी उचलली. भारतीय जनता पक्षाने १९९७ मध्ये भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. मग त्याच मागणीसाठी छोट्या पक्षाला मत कशाला? पण मोठ्यांच्या ठरावाला मित्रपक्ष आडवे येतात, आणि तो कागदावर राहतो.

तिसरे कारण आमच्याकडचे आहे. वऱ्हाडी माणूस मुंबईवर रुसतो खरा, पण हळूच विचारतो, "राजधानी नागपूरला आली म्हणून आमच्या वावराले पाणी येईन का?" या प्रश्नाला कोणत्याच पक्षाने धड उत्तर दिले नाही.

तरी ही मागणी पोकळ होती असे मी म्हणणार नाही. १९९८ मध्ये वाशीम वेगळा जिल्हा झाला, तेव्हा कलेक्टर कचेरीसाठी अकोल्याचे हेलपाटे थांबले. कचेरी जवळ आली की काय होते, हे आम्ही अनुभवले आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

पक्ष मावळले, पण ज्या तक्रारीतून ते उगवले ती अजून मिटलेली नाही. पुढचा पक्ष काढणाऱ्याने नागपुरात सभा घेण्यापूर्वी एकदा जऊळक्याच्या वावरात उभे राहून पाण्याचा तो प्रश्न ऐकावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)