लाडबोरीचं कडं आणि धूमकेतूची वाट

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्याच्या आभाळातून तांबडे-पिवळे लोळ सरकत गेले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं एक भलंमोठं कडं येऊन आदळलं. व्यास जवळजवळ तीन मीटर. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. तालुक्यातल्याच पवनपारला धातूचा गोळाही सापडला. मध्य प्रदेशापर्यंत अनेकांनी हे लोळ मोबाइलवर टिपले. कुणी म्हणालं उल्का, कुणी धूमकेतू.

धूमकेतू तर तो नव्हताच. धूमकेतू असा डोळ्यांदेखत पळत नाही. 2024 च्या ऑक्टोबरात दसरा ते कोजागिरीच्या दरम्यान त्सुचिनशान-ॲटलास सूर्यास्तानंतर पश्चिमेला रोज दिसायचा, तोही जागच्या जागी थबकल्यासारखा. प्रत्यक्षात तो सेकंदाला 50 किलोमीटरहून अधिक वेगाने धावत होता! पण पृथ्वीजवळ आला तेव्हाही अंतर होतं सुमारे 7 कोटी किलोमीटर. लाडबोरीवरचे लोळ त्या मानाने डोक्यावरच होते, म्हणून मिनिटभरात आभाळ पार करून गेले.

ते होते चीनच्या लाँग मार्च-3बी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे अवशेष, असं हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. रॉकेट उडालं होतं फेब्रुवारी 2021 मध्ये. मग वर्षभर हा तुकडा होता कुठे? पृथ्वीभोवती लांबट कक्षेत. असे टप्पे एका टोकाला जेमतेम दोन-तीनशे किलोमीटरवर येतात, दुसऱ्या टोकाला छत्तीस हजारांच्या आसपास जातात. जवळ आले की सुसाट, लांब गेले की संथ. खालच्या टोकाला विरळ हवा दर फेरीत थोडा वेग खाते. कक्षा आक्रसत जाते आणि शेवटी तुकडा दाट हवेत शिरून पेटतो.

जवळ वेगवान, लांब संथ हा नियम केप्लरचा. धूमकेतूलाही तोच लागू. हॅले 1986 मध्ये सूर्याजवळून गेला, आता परतेल 2061 मध्ये. मधली बहुतेक वर्षं तो दूरच्या अंधारात रेंगाळत काढतो. शेपूट फुटते ती सूर्याजवळ आल्यावर, बर्फाची वाफ आणि धूळ उडू लागली की. ती सूर्याच्या उलट दिशेला पसरते, म्हणजे परतीच्या वाटेवर धूमकेतू चक्क शेपटीमागून चालतो.

पृथ्वीची कक्षाही लंबवर्तुळच, पण अगदी किंचित. जानेवारीत सूर्य 14.7 कोटी किलोमीटरवर असतो, जुलैत 15.2 कोटींवर. म्हणजे ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा मे महिना भाजून काढतो तेव्हा आपण सूर्यापासून दूरच चाललेलो असतो. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्याने. त्या कलण्यामुळेच 20 मेच्या आसपास भरदुपारी चंद्रपुरात सूर्य नेमका माथ्यावर येतो, उभ्या खांबाची सावली बुडाशी गडप होते. गडचिरोलीत हे एखाद्या दिवसाने पुढे. जुलैच्या चौथ्या आठवड्यात सूर्य पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं आणि माणसं धानाच्या रोवणीत. सावली कोण बघतो!